दहा कोटींची अट

नियमगिरीच्या खाणीचा वाद महाराष्ट्रात पोहोचला तो २०१३ च्या बातम्यांमधून. ओडिशातल्या बारा आदिवासी गावांनी ग्रामसभा घेऊन वेदांत समूहाच्या बॉक्साइट खाणीला नकार दिला, एवढे लोकांच्या लक्षात राहिले. त्याआधीच्या दहा वर्षांचे कागद मात्र फारसे कोणी उलगडत नाही. अर्ज, समित्यांचे अहवाल आणि न्यायालयाचे आदेश तारखांच्या क्रमाने लावले, की एक गोष्ट ठळक होते. कंपनीने तिथल्या लोकांसाठी किती खर्च करायचा, याचा आकडा अगदी लाखांपर्यंत नेमका ठरला होता. त्या लोकांना खाण हवी आहे का, हा प्रश्न मात्र फार उशिरा कागदावर आला.

सुरुवात कारखान्यापासून झाली. कालाहांडी जिल्ह्यात लांजीगडला, डोंगराच्या पायथ्याशी, वर्षाला १० लाख टन क्षमतेचा अॅल्युमिना कारखाना उभारायचा आणि त्यासाठी लागणारे बॉक्साइट डोंगरमाथ्यावरून आणायचे, अशी योजना होती. माथ्यावरचा साठा सुमारे ७.२ कोटी टन. कारखान्याच्या पर्यावरण मंजुरीसाठी केलेल्या अर्जात वनजमीन लागणार नाही असे म्हटले होते. पुढे ऑगस्ट २००४ मध्ये ५८.९४३ हेक्टर वनजमिनीची मागणी करणारा अर्ज आला. तरीही २२ सप्टेंबर २००४ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारखान्याला मंजुरी दिली, तीही खाणीचा प्रश्न बाजूला ठेवून. ज्या खाणीच्या भरवशावर कारखाना उभा राहणार, तिचा निर्णय व्हायच्या आधीच कारखान्याचे काम सुरू झाले. कारखाना उभा राहिला म्हणजे खाण द्यावीच लागेल, हा हिशेब त्यामागे नव्हता असे मानणे मला कठीण जाते.

ओडिशातल्या कार्यकर्त्यांच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने सप्टेंबर २००५ मध्ये अहवाल दिला. नियमगिरीसारख्या नाजूक प्रदेशात वनजमीन खाणीला देऊ नये, असे समितीने स्पष्ट लिहिले. मंजुरीच्या प्रक्रियेतल्या विसंगतीही तिने नोंदवल्या. अहवाल न्यायालयापुढे गेला आणि दोन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २००७ रोजी, आदेश निघाला.

हा आदेश सावकाश वाचण्यासारखा आहे. त्याच महिन्यात नॉर्वेच्या सरकारी पेन्शन निधीने, आपल्या नीतिमत्ता परिषदेच्या शिफारशीवरून, वेदांतमधली गुंतवणूक काढून घेतल्याचे जाहीर झाले होते. न्यायालयाने त्याची दखल घेतली. परिषदेच्या अहवालाच्या खरेखोटेपणाबद्दल आपण मत देत नाही, पण विश्वासार्हतेची खात्री झाल्याशिवाय इतकी मोठी संपत्ती या कंपनीच्या हाती सोपवण्याचा धोका पत्करता येणार नाही, अशी भूमिका घेऊन वेदांतला परवानगी नाकारली. पण आदेश तिथे संपला नाही. त्याच समूहातल्या स्टरलाइट इंडस्ट्रीजने काही अटी मान्य केल्या तर तिला न्यायालयाकडे येण्याची मुभा ठेवली.

त्या अटी अशा होत्या. राज्य सरकार, ओडिशा खाण महामंडळ आणि स्टरलाइट यांनी मिळून ‘लांजीगड प्रकल्प क्षेत्र विकास प्रतिष्ठान’ स्थापन करायचे. स्टरलाइटने त्यात दरवर्षी लांजीगड प्रकल्पाच्या कर आणि व्याजापूर्वीच्या नफ्याचे ५ टक्के किंवा १० कोटी रुपये, यांपैकी जास्त असेल ती रक्कम भरायची. वनजमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य म्हणून ५५ कोटी, वन्यजीव व्यवस्थापनासाठी ५०.५३ कोटी आणि आदिवासी विकासासाठी १२.२० कोटी वेगळे द्यायचे. आदिवासींना, विशेषतः जमीन गेलेल्यांना, किती कायम नोकऱ्या देणार याची माहिती सादर करायची.

भारतात कंपनीच्या सामाजिक दायित्वाचा कायदा तेव्हा नव्हता. तरी त्याची सगळी चौकट या आदेशात दिसते: नफ्याचा ठरावीक टक्का, वेगळी संस्था, लेखापरीक्षण. खाणीतून वर्षाला ३० लाख टन बॉक्साइट काढण्याची योजना होती. त्या मानाने १० कोटींची किमान रक्कम टनामागे सुमारे ३३ रुपये पडते. पण माझा मुख्य आक्षेप रकमेवर नाही. लांजीगडच्या आदिवासींना धड घर नाही, दवाखाना नाही, शाळा नाही, ते हलाखीत जगतात, असे न्यायालयाने आदेशात नमूद केले आणि विकास व पर्यावरण यांचा तोल साधण्याची भाषा केली. हलाखीचे ते वर्णन खोटे नव्हते. मात्र शाळा आणि दवाखाने देणे हे राज्याचे काम होते. राज्याने साठ वर्षांत ते केले नाही आणि ते न केल्याचाच आधार खाणीला मिळाला. डोंगर सोडला तर दवाखाना, असा तो व्यवहार झाला; आणि डोंगरावर राहणारे डोंगरिया कोंध आदिवासी त्या व्यवहारात पक्षकार म्हणून नव्हतेच. पर्यावरण मंजुरीसाठी २००३ मध्ये जनसुनावण्या झाल्या होत्या हे खरे. पण जनसुनावणीत लोकांनी म्हणणे मांडायचे असते, त्यांचा नकार कोणावर बंधनकारक नसतो.

स्टरलाइटने अटी मान्य केल्या. ८ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने ६६०.७४९ हेक्टर वनजमीन खाणीसाठी वळवायला मान्यता दिली.

या दोन आदेशांच्या मधली एक तारीख निर्णायक आहे. ३१ डिसेंबर २००७ रोजी वनहक्क कायदा लागू झाला. जंगलावरचे वैयक्तिक आणि सामूहिक हक्क ठरवण्याची सुरुवात ग्रामसभेपासून होईल, असे त्याने ठरवले. पुढे ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने पर्यावरण मंत्रालयानेच वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती हवी असे सांगितले. सप्टेंबर २००९ मध्ये ब्रिटन सरकारच्या, बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयानेही वेदांतवर ठपका ठेवला: डोंगरिया कोंधांशी सल्लामसलत करण्याची पुरेशी आणि वेळेवर व्यवस्था कंपनीने केली नव्हती.

ऑगस्ट २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नेमलेल्या एन. सी. सक्सेना समितीचा अहवाल आला. समितीत मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक एस. परशुरामन, समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर आणि वनतज्ज्ञ प्रमोद कांत होते. कारखान्याच्या कुंपणात २६.१२३ हेक्टर गावजंगल बेकायदा घेतलेले आढळले. क्षमता १० लाखांवरून ६० लाख टन करण्याचे काम मंजुरीविना सुरू होते. कारखान्याला बॉक्साइट पुरवणाऱ्या १४ खाणींपैकी ११ खाणींना पर्यावरण मंजुरी नव्हती. खाणीसाठी १.२१ लाखांहून अधिक झाडे जाणार होती आणि वाढीव क्षमतेच्या कारखान्याला डोंगरावरचा साठा जेमतेम चार वर्षे पुरला असता. चार वर्षांच्या मालासाठी हे सगळे, हे वाचून मन सुन्न होते. २४ ऑगस्टला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वनमंजुरी नाकारली.

या नकाराविरुद्ध ओडिशा खाण महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ चा निकाल २००७ च्या आदेशाशेजारी ठेवून वाचावा. डोंगरिया कोंधांचा देव नियमराजा याचे स्थान मानले जाणारे हुंडलजाली शिखर आणि तिथून दहा किलोमीटरवरचे प्रस्तावित खाणक्षेत्र, यांचा संबंध न्यायालयाने विचारात घेतला. खाणीमुळे देवस्थानाला बाधा येते का आणि धार्मिक-सांस्कृतिक हक्क कोणते, हे ग्रामसभांनीच तपासावे असे सांगितले. प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक नेमायला लावला. पहिल्या आदेशात ज्यांची फक्त गरिबी नोंदली गेली होती, त्यांच्याकडे आता निर्णय आला.

१८ जुलै ते १९ ऑगस्ट २०१३ या काळात रायगडा जिल्ह्यात सात आणि कालाहांडीत पाच गावांत सभा झाल्या. ही गावे सरकारने निवडली होती. डोंगरावरच्या बाकीच्या गावांना बोलावलेच नव्हते. तरी बाराही सभांचा ठराव एकच निघाला: खाण नको. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला.

शेवटच्या ग्रामसभेनंतर दहाच दिवसांनी, २९ ऑगस्ट २०१३ रोजी, नव्या कंपनी कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. हे कलम खर्चाबद्दल बोलते. जमीन कशी मिळवली, अर्जात काय लपवले, गावाने संमती दिली का, याबद्दल त्यात काहीच नाही. म्हणून माझ्या मते खाण कंपनीची जबाबदारी तपासायची तर तिचा वार्षिक अहवाल नंतर वाचावा. आधी तिचा मंजुरीचा अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव मागवावा. लांजीगडात पाच टक्क्यांची अट पूर्ण मान्य झाली होती आणि संमती शून्य होती.

ग्रामसभा पुन्हा घ्याव्यात ही ओडिशा खाण महामंडळाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी फेटाळली.