धुके आणि चेहरा

काशीतील राजा घाटाच्या पायऱ्या महाराष्ट्राला परक्या नाहीत. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी हा घाट दगडात बांधून घेतला. पौषातल्या सकाळी या घाटावर कुणा यात्रेकरूची छबी घेणाऱ्यापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो. घाट पूर्वाभिमुख आहे. नदीकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसामागे उजळलेल्या धुक्याची पांढरी भिंत असते. धुके चित्रात नीट उमटते. चेहरा मात्र काळवंडतो.

काळवंडलेल्या चेहऱ्याची ही तक्रार छायाचित्रकलेच्या आरंभापासूनची. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळच्या ओल्या काचेला निळा प्रकाश तेवढा जाणवे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे गव्हाळ वर्ण सावळा दिसे, लाल पगडी काळी होई आणि कपाळीचे कुंकू काजळाच्या ठिपक्यासारखे उमटे. दोष ना माणसाचा, ना कारागिराचा; तो काचेच्या दृष्टीचा होता.

त्यावर उपाय निघाला तो शिसपेन्सिलीचा. निगेटिव्हवर जेथे पेन्सिल फिरे, तेथे छापील चित्र उजळे. डोळ्यांखालची गडद छाया याने सौम्य झाली. पण हळूहळू त्याच पेन्सिलीने सुरकुत्या पुसल्या, वर्णही गोरा केला. काचेची चूक सुधारता सुधारता माणूसच सुधारला जाऊ लागला!

१८७३ साली जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यांना आढळले की, योग्य रंगद्रव्य मिसळले असता काचेला हिरवा प्रकाशही जाणवतो. पुढे तांबडाही जाणवू लागला, आणि पेन्सिलीचे खरे कारण संपले. सवय मात्र संपली नाही. आज तेच काम संगणकाच्या पडद्यावर क्षणात होते.

धुक्यातल्या छबीचा न्याय्य उपाय साधा आहे. प्रकाशाचे माप धुक्यावर न घेता चेहऱ्याजवळ घ्यावे. मागाहून सुधारायचेच, तर चेहऱ्यावरची छाया तेवढी उचलावी. धुके धुकेच राहू द्यावे. सारेच चित्र उजळले, तर पौषातली पहाट नाहीशी होऊन तेथे भलतीच दुपार अवतरते. घरी परतलेल्या यात्रेकरूला त्या छबीत आपला चेहरा हवा असतो, आणि ती थंडीही.