दुचाकीवरील फाटक-रिमोटची जोडणी

मोटरवर चालणारे फाटक किंवा शटर उघडणारा रेडिओ-रिमोट दुचाकीच्या बॅटरीवर चालवून त्याचे बटण हँडलवर आणण्याची व्यवस्था. खिशातला रिमोट शोधावा लागू नये, एवढाच तिचा हेतू. अमेरिकेत ती गॅरेजच्या दारासाठी वापरतात. सुरतेत दुचाकीला वेगळे गॅरेज सहसा नसते; तेथे ती उपयोगी पडते बंगल्याच्या सरकत्या फाटकाला आणि गाळ्या-गोदामाच्या शटरला.

इतिहास : रेडिओने उघडणारी दारे १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली.

वीजपुरवठा : रिमोटला काही मिलिअँपिअर प्रवाह पुरतो, तोही बटण दाबले असेपर्यंतच. दुचाकीच्या बॅटरीवर त्याचा भार जाणवत नाही. खरी अडचण व्होल्टेजची. रिमोटमध्ये ३ व्होल्टचा बटणसेल किंवा १२ व्होल्टचा बारीक अल्कलाइन सेल असतो. दुसऱ्या प्रकारात दोन्हीकडे '१२' दिसतात, म्हणून मेकॅनिक रिमोट थेट जोडतात. पण इंजिन चालू असताना चार्जिंगचे व्होल्टेज १४ ते १४.५ पर्यंत चढते आणि रेग्युलेटर बिघडला तर त्याहूनही वर. रिमोटमध्ये वापरली जाणारी एचसीएस३०१ ही चिप १३ व्होल्टपर्यंतच चालण्याजोगी आहे; जुन्या पीटी२२६२ ची मर्यादा १५. मध्ये व्होल्टेज उतरवणारे छोटे मोड्यूल घालणे हाच निर्धोक मार्ग. बटणसेलच्या रिमोटला तर त्याविना गत्यंतर नाही.

जोडणी : पुरवठा किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या तारेवरून घ्यावा आणि उगमाजवळच १ अँपिअरचा फ्यूज बसवावा. बॅटरीला थेट जोडल्यास बाहेर उभ्या गाडीचे बटण दाबून कोणीही फाटक उघडू शकतो. ही चूक फ्यूज विसरण्याहून महाग पडते. पुढे दोन रीती आहेत. रिमोटच्या बटणाच्या दोन टोकांना तारा झाळून त्या हँडलवरील स्विचला नेतात. किंवा ते बटण आतून कायमचे जोडून टाकून पुरवठाच स्विचमधून देतात. दुसरी रीत सोपी, तारही एकच.

स्विच म्हणून डिपरचे बटण वापरण्याची कल्पना लोकप्रिय आहे, कारण हँडलला भोक पाडावे लागत नाही. मात्र जुन्या अनेक गाड्यांत हेडलाईट एसीवर चालतो, तेव्हा तार आधी मीटरने तपासावी लागते. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत हेडलाईट इंजिनासोबत आपोआप लागतो. त्यांत लो बीमची तार निरुपयोगी, कारण ती कायम जिवंत असते. रोलिंग कोडच्या, म्हणजे दर दाबाला कोड बदलणाऱ्या, रिमोटमध्ये आणखी एक गोम आहे. दर डिपरला रिमोटचा गणक एकाने पुढे सरकतो. कीलॉक या रोलिंग कोड पद्धतीचा रिसीव्हर सामान्यतः पुढचे १६ कोड एका दाबात स्वीकारतो. त्यापलीकडे लागोपाठ दोन दाब लागतात. सुरतेच्या रिंग रोडवरून येताना १६ डिपर सहज होतात, आणि 'रिमोट कधीकधी चालत नाही' ही तक्रार तेथून सुरू होते. शिवाय बरीच फाटके एकाच बटणावर उघड-थांब-बंद या क्रमाने चालतात. दारात पोचून दोनदा डिपर दिला तर फाटक अर्ध्यावर थांबते. वेगळे बटण बसवणे बरे. हॉर्नचे बटण टाळावे, याला सुरतेत कारण सांगावे लागत नाही.

पल्ला : ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रिमोटला पाव तरंगलांबीची अँटेना सुमारे १७ सेंटिमीटर होते. रिमोट टाकीखाली किंवा धातूच्या हेडलाईट-वाटीत ठेवल्यास पल्ला घटतो. प्लॅस्टिकच्या पुढच्या आवरणामागची जागा चांगली.

सुरक्षितता : पीटी२२६२ चे बारा पत्ते, प्रत्येकी तीन अवस्थांचे, ५,३१,४४१ कोड देतात, पण कोड ठरावीक असल्याने एकदा टिपलेला संकेत पुन्हा वाजवता येतो. रोलिंग कोडमध्ये ते साधत नाही. मात्र २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी कीलॉकही फोडून दाखवली. घरगुती फाटकाला हा धोका कितपत लागू पडतो, याबद्दल मतभेद आहेत.

देखभाल : पावसात सांधे हिरवे पडतात. झाळलेल्या सांध्यावर श्रिंक स्लीव्ह चढवावी; नुसती चिकटपट्टी एका पावसाळ्यात सुटते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांविषयी आहे.