दातेरी धारेची वंशावळ

खिशात बाळगावयाच्या चाकूचे पाते टोकाकडे सलग धारेचे व मुठीकडे दातेरी असावे की नसावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. धारेला दाते पडणे हा तर हत्याराचा दोषच, असेही कोणी म्हणेल. परंतु हे दाते मनुष्याच्या पोटापाण्याशी फार प्राचीन काळापासून निगडित आहेत. तो इतिहास पाहिल्यावाचून निवाडा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

ईजिप्तमधील काहून येथे सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचे मजुरांचे एक गाव फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८९ च्या सुमारास उकरून काढले. तेथे लाकडी विळे सापडले. वाकड्या लाकडात खाच पाडून तीत गारगोटीचे दातेरी तुकडे ओळीने बसविलेले होते. अशा गारांच्या कडांवर एक विलक्षण चकाकी दिसे. स्पुरेल नावाच्या इंग्रज संशोधकाने १८९२ मध्ये दाखवून दिले की, ही चकाकी धान्याची ताटे कापल्यानेच येते. म्हणजे, धातू हाती असतानाही त्या शेतकऱ्याने गारेच्या दात्यांवरच आपली सुगी सोपविली होती.

याचे कारण उघड आहे. सलग धार दाबली असता चिवट, लवचीक पदार्थ तिच्यापुढे वाकतो वा निसटतो. दातेरी धार ओढली असता हाताचा सारा जोर मोजक्या टोकांवर एकवटतो, ती टोके तंतूंत रुततात, आणि मधल्या खोबणीत सापडलेले तंतू कापले जातात. शिवाय खोबणीतील धार टोकांच्या आडोशास राहत असल्यामुळे लवकर बोथट होत नाही. म्हणूनच लोखंडी विळा आल्यावरही दाते नाहीसे झाले नाहीत. इंग्लंडात दातेरी विळा एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात होता. आणि आपल्या कोकणात भातकापणीसाठी ज्या वैभव विळ्याची शिफारस होते, तोही दातेरीच आहे.

विळ्याचे दाते पुढे सुरीस फुटले. अमेरिकेत ख्रिस्टी याने १८८९ मध्ये पाव कापण्याच्या नागमोडी धारेच्या सुरीचे पेटंट घेतले. घडीच्या चाकूस हा मान मिळण्यास मात्र १९८२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्पायडर्को कंपनीने खलाशांसाठी दातेरी चाकू काढला. ओल्या दोरात पाय अडकला असता खलाशाला धार लावीत बसण्यास वेळ नसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मर्म कळते. त्यानंतर अर्ध्या दातेरी पात्यांचाही प्रसार झाला.

या अर्ध्या पात्यावर आक्षेप आहेत, व ते खोटे नाहीत. चाकू लहान; त्याची धार विभागली म्हणजे दोन्ही भाग तोकडे पडतात. लाकूड तासताना हाताचा खरा ताबा मुठीजवळ असतो, आणि नेमके तेथेच दाते आडवे येतात. सर्वांत मोठी अडचण धार लावण्याची. सलग पाते कोणत्याही चांगल्या दगडावर आपले आपण पाजविता येते. दात्यांना निमुळती कानस लागते, व ती वापरणारा हातही. सलग धार रोजची निगा मागते, दातेरी धार पुष्कळ दिवस काही मागत नाही; पण मागते तेव्हा दुसऱ्याच्या दारी जावयास लावते.

तेव्हा फळे चिरणे, पेन्सिलीस टोक करणे, एवढेच ज्याचे काम, त्याने सलग पातेच घ्यावे. दोर, पट्टे, सुतळी यांच्याशी ज्याची गाठ पडते, त्यास अर्धे दाते उपकारकच ठरतील. दोन धारा एकत्र नांदणे आम्हांस नवे नाही. आमच्या घरची विळी पात्याने भाजी चिरते आणि टोकाच्या खवणीने नारळ खवते. मात्र तेथे दाते पात्याची जागा न घेता त्याच्या पलीकडे बसतात. चाकू घडविणाऱ्यांनी एवढा विवेक त्या विळीपासून अवश्य घ्यावा.