छोट्या प्रयोगशील विमानांत लिथियम बॅटरीचा सुरक्षित वापर

हौशी वैमानिकांनी स्वतः बांधलेल्या अथवा सुट्या भागांच्या संचातून जोडलेल्या छोट्या विमानांमध्ये शिसे-आम्ल बॅटरीची जागा आता अनेक ठिकाणी लिथियम बॅटरीने घेतली आहे. वजनातील बचत हे त्याचे मुख्य कारण होय. इंजिन सुरू करण्यासाठी लागणारी शिसे-आम्ल बॅटरी साधारणपणे सहा ते सात किलो वजनाची असते. त्याच कामाची लिथियम बॅटरी दोन ते अडीच किलोमध्ये मिळते. दोन आसनी विमानात ही बचत लक्षणीय ठरते. मात्र जुनी बॅटरी काढून तिच्या जागी नवी बसवली की काम संपले, असा समज धोक्याचा आहे.

मोठ्या प्रवासी विमानातील प्रत्येक घटकाला प्रमाणपत्र घ्यावे लागते. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानांना अशा प्रकार-प्रमाणपत्राची सक्ती नाही. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेने किंवा शिक्षणाच्या हेतूने बांधलेला असावा, ही तेथील प्रमुख अट आहे. भारतात अशा विमानांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आवश्यक असते. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या सहा आसनी विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली होती. या वर्गातील विमानांत बॅटरीची निवड आणि जोडणी यांची जबाबदारी प्रामुख्याने बांधणाऱ्यावरच येते.

रसायनानुसार बदलणारा धोका

लिथियम बॅटरी हे एकाच वस्तूचे नाव नसून तो अनेक रसायनांचा समूह आहे. मोबाईल संचात व लॅपटॉपमध्ये प्रामुख्याने कोबाल्टयुक्त घट वापरतात. असा घट जास्त तापला, तर त्यातील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते, त्या उष्णतेने क्रियेचा वेग आणखी वाढतो आणि अखेरीस घट फुटून पेट घेतो. या साखळीला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात.

विमानाचे इंजिन सुरू करण्यासाठी मिळणाऱ्या बहुतेक लिथियम बॅटऱ्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या असतात. या पदार्थाचा शोधनिबंध १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्यासह अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय वंशाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने तो उष्णतेने सहज सुटत नाही आणि आगीची शक्यता बरीच कमी होते. तरीही घटातील द्रावण ज्वलनशीलच असते. म्हणूनच लोह-फॉस्फेट बॅटरी अधिक सुरक्षित आहे, परंतु निर्धोक नाही. खेळण्यातील विमानांसाठीचे सुटे घट जोडून घरी बॅटरी तयार करणे तर सर्वथा टाळावे.

दोन घटनांचा धडा

२०११ मध्ये अमेरिकेत सेसना सायटेशन सीजे-४ या छोट्या जेट विमानाला जमिनीवरील वीजपुरवठा जोडल्यानंतर त्याच्या लिथियम-आयन बॅटरीला आग लागली. तेथील हवाई प्रशासनाने त्या विमानांतील लिथियम बॅटऱ्या काढून शिसे-आम्ल किंवा निकेल-कॅडमियम बॅटऱ्या बसवण्याचा आदेश दिला.

७ जानेवारी २०१३ रोजी बॉस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोईंग ७८७ विमानातील बॅटरीने पेट घेतला. १६ जानेवारीला जपानमध्ये याच जातीचे दुसरे विमान बॅटरीतील बिघाडामुळे ताकामात्सु येथे तातडीने उतरवावे लागले. त्यानंतर एअर इंडियाच्या सहा विमानांसह जगभरातील ७८७ विमाने काही महिने जमिनीवर राहिली. बॉस्टन येथील घटनेच्या तपासात, आठपैकी एका घटात अंतर्गत शॉर्ट सर्किट होऊन उष्णता शेजारच्या घटांत पसरल्याचे निष्पन्न झाले. उड्डाणे पुन्हा सुरू करताना घटांमधील आवरण वाढवण्यात आले, बॅटरी पोलादी पेटीत बंद करण्यात आली आणि वायू थेट विमानाबाहेर सोडणारी नळी बसवण्यात आली. बिघाड होणारच नाही असे गृहीत न धरता, झाला तर तो पेटीतच राहील अशी ही व्यवस्था छोट्या विमानालाही मार्गदर्शक आहे.

विद्युतदाब आणि जनित्र

बारा व्होल्टच्या व्यवस्थेसाठीच्या लोह-फॉस्फेट बॅटरीत सुमारे ३.३ व्होल्टचे चार घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यासाठी चार्जिंगचा विद्युतदाब साधारण १४ ते १४.६ व्होल्टदरम्यान असावा लागतो. नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावी. विद्युतदाब नियंत्रक बिघडून दाब अनियंत्रित वाढणे हा या बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू मानला जातो. त्यामुळे दाब सुमारे १६ व्होल्टपर्यंत पोहोचताच जनित्र आपोआप बंद करणारी यंत्रणा बसवणे अत्यावश्यक आहे.

दुसरा मुद्दा विद्युतप्रवाहाचा. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असल्याने इंजिन सुरू होताच ती मोठ्या वेगाने वीज ओढते. हलक्या विमानांत प्रचलित असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या अंगभूत जनित्राची क्षमता जेमतेम २५० वॅट आहे. पूर्ण उतरलेली बॅटरी अशा जनित्रावर भरण्याचा प्रयत्न केल्यास जनित्र आणि नियंत्रक दोन्ही तापतात. म्हणून उतरलेली बॅटरी आधी जमिनीवर योग्य चार्जरने भरावी. बाहेरून वीज देऊन इंजिन सुरू करून लगेच उड्डाण करू नये.

इंजिन बॅटरीवर अवलंबून असल्यास

चांगल्या बॅटरीत घटांवर देखरेख ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. दाब, प्रवाह किंवा तापमान मर्यादेबाहेर गेल्यास ते बॅटरीचा संबंध तोडू शकते. बॅटरीच्या दृष्टीने हे संरक्षण असले, तरी वैमानिकाच्या दृष्टीने तोच अपघात ठरू शकतो. जुन्या पद्धतीच्या मॅग्नेटोवर चालणारे इंजिन बॅटरीशिवायही चालू राहते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन किंवा इंधन अंतःक्षेपण असलेले इंजिन मात्र वीज जाताच बंद पडते. शिवाय बॅटरी एकाएकी सुटल्यास जनित्राचा दाब उसळून रेडिओ व उपकरणे निकामी होऊ शकतात. अशा विमानात स्वतंत्र दुसरी बॅटरी, वेगळी वायरिंग आणि बिघाड दाखवणारा दिवा हवाच.

जागा आणि देखभाल

बॅटरी शक्यतो प्रवासी कक्षाबाहेर असावी. कक्षात ठेवावी लागल्यास बंद धातूची पेटी आणि बाहेर जाणारी नळी असावी. इंजिनाच्या बाजूला अग्निरोधक भिंतीवर बसवल्यास धुराड्याच्या उष्णतेपासून आडोसा व थंड हवेची नळी द्यावी. बॅटरी हलकी झाल्याने विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो, हे विसरू नये. वजन व समतोल यांचा हिशेब पुन्हा करून नोंदवहीत लिहावा.

शून्य अंशाखाली घट भरल्यास आत लिथियम धातूचा थर साचून कायमचे नुकसान होते. शिसे-आम्ल बॅटरीतील गंधकक्षार काढणारे चार्जर येथे वापरू नयेत. या बॅटरीचा दाब दीर्घकाळ जवळपास स्थिर राहतो. त्यामुळे केवळ व्होल्टमापक पाहून किती वीज उरली हे कळत नाही. ठरावीक काळाने क्षमता चाचणी घेणे हाच उपाय होय. फुगलेली, आपटलेली किंवा पूर्ण रिकामी झालेली बॅटरी विमानात परत बसवू नये.

उड्डाणात धूर दिसल्यास

विद्युतदाब वाढल्यास प्रथम जनित्र बंद करावे. जळका वास किंवा धूर आल्यास मुख्य स्विचही बंद करून हवेशीरता वाढवावी व जवळच्या योग्य जागी उतरावे. घटांतून निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असू शकतात. हॅलॉनचे अग्निशामक ज्वाला विझवते, पण तापलेले घट थंड करत नाही. त्यामुळे आग पुन्हा भडकू शकते. आसनाजवळ ठेवलेल्या मोबाईल संचाला किंवा पॉवर बँकेला आग लागल्यास ज्वाला विझवल्यानंतर भरपूर पाणी ओतून ते उपकरण थंड करणे उपयुक्त ठरते.

पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला जून २०२० मध्ये युरोपीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात द्रवाने थंड ठेवलेले दोन स्वतंत्र बॅटरी संच असून एक निकामी झाला तरी दुसरा काम करू शकतो. घरच्या कार्यशाळेत विमान बांधणाऱ्यानेही मुख्य बॅटरी हवेत अचानक बंद पडली तर पुढे काय होईल, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या उड्डाणापूर्वी जमिनीवरील चाचणीत तपासून घेतले पाहिजे.