पीठ कोण फुगवते?

सातवीच्या मुलांबरोबर आम्ही पाव करण्याचा एक तास घेतला. मळलेल्या मैद्याचे तीन सारखे गोळे तीन पेल्यांत ठेवले. पहिल्यात यीस्ट म्हणजे किण्व नव्हते, दुसऱ्यात कोमट पाण्यात भिजवलेले होते, तिसऱ्यात उकळून गार केलेले. मुले दर दहा मिनिटांनी पट्टीने उंची मोजत होती. तासाभरात दुसरा गोळा 4 सेंटिमीटरवरून 8 वर गेला. बाकीचे दोन होते तेवढेच राहिले. "उकळल्याने यीस्ट मेले," असे आम्ही सांगून टाकले. एका मुलीने विचारले, "सर, मेलं की नुसतं बिघडलं?"

याच प्रश्नावर युरोपात साठ वर्षे वाद चालला होता.

1789 मध्ये लाव्हाझिएने किण्वनाआधीच्या व नंतरच्या पदार्थांची वजने करून बीजगणितासारखे समीकरण मांडले : एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. पीठ फुगते ते याच वायूने. पण यीस्ट नेमके काय करते, हे त्यातून कळत नव्हते. 1837 मध्ये कान्यार द ला तूर आणि श्वान यांनी स्वतंत्रपणे, सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षणे करून यीस्ट सजीव असल्याचे सांगितले. रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. 1839 मध्ये व्योलर आणि लीबिग यांनी निनावी लेख लिहून खिल्ली उडवली : यीस्ट म्हणे चंबूच्या आकाराचे प्राणी, साखर खाऊन अल्कोहोल बाहेर टाकणारे! 1860 मध्ये पाश्चरने किण्वनाचा संबंध यीस्टच्या जगण्या-वाढण्याशी जोडून दाखवला. वाद मिटला असे वाटले.

1897 मध्ये बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून रस काढला. त्यात जिवंत पेशी नव्हत्या. तरी साखर घालताच बुडबुडे आले. पेशी फुटल्या, पण त्यांनी बनवलेली विकरे काम करतच होती. या शोधाला 1907 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाश्चर आणि लीबिग दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य होते.

आता तिसऱ्या पेल्याकडे पुन्हा पाहू. उकळल्याने पेशी मरतात आणि विकरेही बिघडतात. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रयोगात नव्हतेच. पुराव्यापेक्षा जास्त आम्ही बोलून गेलो होतो, आणि ते तिने पकडले.

पुढे शेजारच्या भट्टीत पाव भाजला. 320 ग्रॅमच्या गोळ्याचा पाव 280 ग्रॅम भरला. आठवा हिस्सा गेला कुठे? या वेळी आम्ही गप्प बसलो आणि तराजू मुलांकडे सरकवला.