लिंटरद्वारे संज्ञालेखनाची तपासणी

लिंटरद्वारे संज्ञालेखनाची तपासणी ही संगणकाच्या आज्ञावलीतील तांत्रिक संज्ञांचे स्पेलिंग आणि त्यांतील लहान-मोठ्या अक्षरांची योजना सर्वत्र एकसारखी राखण्याची पद्धत होय. आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता तिचा मजकूर तपासून त्यातील संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनास लिंटर म्हणतात. स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये बेल लॅब्ज येथे सी भाषेसाठी ‘लिंट’ हे साधन तयार केले. कपड्यांना चिकटणाऱ्या बारीक तंतूंसाठी असलेल्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडले.

आवश्यकता

कंपायलरच्या दृष्टीने चलाचे नाव ही केवळ खूण असते. चुकीचे स्पेलिंग सर्वत्र सारखेच वापरले असल्यास कंपायलर हरकत घेत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टच्या गुणधर्माचे नाव वाचताना एखादे अक्षर चुकले, तरी सहसा त्रुटीचा संदेश न येता ‘अनडिफाइन्ड’ हे मूल्य मिळते. शिवाय एकच संज्ञा दोन प्रकारे लिहिली गेल्यास शोध घेताना काही जागा निसटतात.

उदाहरण

एचटीटीपी शिष्टाचारातील ‘रेफरर’ हे शीर्षक या संदर्भात प्रसिद्ध आहे. वाचक कोणत्या पानावरून आला हे त्यातून कळते. मूळ इंग्रजी शब्दात लागोपाठ येणाऱ्या दोन ‘आर’ अक्षरांपैकी एक प्रस्तावातच गळले. तीच चूक मे १९९६ च्या ‘आरएफसी १९४५’ या दस्तऐवजात कायम राहिली. तोवर अनेक सर्व्हर व ब्राउझर तेच रूप वापरू लागल्याने ती सुधारता आली नाही. पुढे आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या शीर्षकात मात्र शुद्ध रूप स्वीकारले गेले. परिणामी दोन्ही रूपे आज शेजारी शेजारी नांदतात.

कार्यपद्धती

या साधनांच्या दोन प्रमुख रीती आहेत. ‘सीस्पेल’ जोडनावांतील शब्द सुटे करून प्रत्येक शब्द कोशाशी ताडून पाहते. प्रकल्पातील खास संज्ञा त्याच्या शब्दसूचीत नोंदवता येतात. ‘कोडस्पेल’ मात्र नेहमी होणाऱ्या चुकांची यादी बाळगते आणि तेवढ्याच चुका दाखवते. त्यामुळे अनावश्यक इशारे कमी होतात, परंतु यादीबाहेरची चूक सुटू शकते. ‘ईएसलिंट’मधील एका नियमाने ठरावीक नावांना मनाई करता येते. गो भाषेच्या संकेतानुसार ‘यूआरएल’सारख्या आद्याक्षरी संज्ञेतील सर्व अक्षरे एकतर मोठी किंवा सर्व लहान असावी लागतात. हा संकेत तपासणारे लिंटरही उपलब्ध आहेत. नवा बदल मूळ आज्ञावलीत समाविष्ट होण्यापूर्वी अशी तपासणी आपोआप करता येते.

मर्यादा

शब्द कोशात असला तरी तो त्या जागी योग्य आहे की नाही, हे अशा तपासणीतून कळत नाही. इंग्रजीच्या ब्रिटिश व अमेरिकन रूपांपैकी कोणते वापरायचे, हेही प्रकल्पालाच ठरवावे लागते. बाहेरच्या प्रणालींनी स्वीकारलेले नाव नंतर दुरुस्त केल्यास त्या प्रणाली बंद पडू शकतात. म्हणून संज्ञा प्रसिद्ध होण्यापूर्वी झालेली तपासणी अधिक उपयुक्त ठरते, तर ‘रेफरर’सारख्या रूढ अशुद्ध रूपांना नियमातून अपवाद करावे लागतात.