खेळायला अंगण हवं



बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की मुलांचा विषय निघतोच. शाळा, मदरसा, शिकवणी आणि उरलेल्या वेळात मोबाईल. ‘बाहेर खेळला म्हणजे वाया गेला,’ असं आम्ही पुष्कळ गटांत ऐकतो. मुलीचं तर ‘आता मोठी झाली’ म्हटलं, की खेळणंच बंद. म्हणून आज जरा मागं वळून पाहू. जुनी माणसं खेळाला काय समजत होती?

मक्केत जुनी रीत होती. तान्ही बाळं वाळवंटातल्या टोळ्यांकडे वाढायला पाठवत. तिथली हवा मोकळी आणि अरबी भाषा चांगली मानली जाई. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) असेच बनू साद टोळीतल्या दाई हलीमांकडे वाढले. तंबूंच्या आसपास, कोकरांमागे, भावंडांसोबत त्यांचं बालपण गेलं.

पुढे त्यांनीही मुलांच्या खेळाला मान दिला. चुलते अब्बास यांच्या मुलांना एका रांगेत उभं करून ते त्यांची शर्यत लावत. अबू उमैर नावाच्या पोराचा लहानसा पक्षी मेला, तेव्हा त्याची त्यांनी मायेनं विचारपूस केली. आणि हजरत आयेशा? त्या बाहुल्या खेळत. पैगंबर घरात आले की मैत्रिणी लाजून लपत, तेव्हा ते त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. हदीसच्या ग्रंथांत आयेशांनी त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याचीही नोंद आहे. मुलींना खेळापासून अडवताना हे आठवावं.

इराणातल्या तूस गावचे इमाम गझाली (1058 ते 1111) यांनी तर मुलांच्या वाढीवर सविस्तर लिहिलं. त्यांचं सांगणं असं, की मकतब सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, म्हणजे शिकण्याचा शीण जातो. खेळ बंद करून सारखं पाठांतरालाच बसवलं, तर मन मरगळतं, बुद्धी बोथट होते आणि मूल अभ्यास चुकवायच्या पळवाटा शोधतं. नऊशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं आजच्या शिकवण्यांनाही लागू पडतं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. 1957 मध्ये हे काम आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात, कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली. पानं, बिया, शंख, खडे हीच शिकायची साधनं झाली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ या कामात आहे.

मालेगावची गोष्ट वेगळी. 1857 च्या उठावानंतर उत्तरेतून अनेक मोमीन विणकर कुटुंबं तिथं येऊन वसली. घरातच माग असायचा, बायकामुलं कांड्या भरायची. पुढे यंत्रमाग आले, वस्ती दाटली. घरात जागा नाही, तिथं मुलांना गल्ली हेच अंगण. अशा ठिकाणी एखादा मोकळा तुकडा राखणं ही चैन नव्हे, गरज आहे.

खेळात मन घडतं म्हणजे काय होतं? लगोरी फुटली, की कुठं पळायचं ते क्षणात ठरवावं लागतं. राज्य आलं, की ते निमूट घ्यावं लागतं. रडीचा डाव चालत नाही. भांडण झालं, तर मुलं आपसातच नियम लावतात. लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून सामावून घेतात. धीर, न्याय, दया हे सगळं तिथं शिकवल्यावाचून येतं. मोबाईलवर हरलं तर खेळ पुन्हा सुरू करता येतो. रुसलेल्या मित्राची समजूत मात्र स्वतःलाच काढावी लागते.

नमाज, अभ्यास, घरकाम यांच्या वेळा आपण सांभाळतोच. त्यात असर ते मगरिबच्या मधला वेळ खेळाला देता येईल. शाळेला मैदान हवं, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाही सांगतो. गावातली मोकळी जागा कचऱ्यानं किंवा अतिक्रमणानं गेली असेल, तर ग्रामसभेत गटानं मिळून बोलावं. मुलींची काळजी वाटते ना? मग आळीपाळीनं दोघी-दोघींनी तिथं बसावं. गप्पाही होतील, लक्षही राहील.

येत्या बैठकीत हप्ते झाले, की एकच प्रश्न घ्या: आपल्या गावात मुली कुठं खेळतात? उत्तर ‘कुठंच नाही’ असं आलं, तर ठरावाच्या वहीत पहिलं काम तेच लिहा.